खरी गावरान कोंबडी परसात टिकवायची असेल तर

आधी एक सांगतो, कोल्हापूरच्या बाजारात गावरान म्हणून जे विकलं जातंय त्यातलं बरंच वनराज नाहीतर गिरीराज असतंय. वनराज हैदराबादचा, गिरीराज बंगळूरचा, दोन्ही संशोधन करून तयार केलेल्या जाती, अंडी जास्त देतात, वजनबी भरतंय, पण खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, क्वचितच बसतात. आमच्या आज्जीच्या कोंबड्यांत मी असाच एक दांडगा वनराज कोंबडा हौसेनं सोडला आणि दोन वर्षांत घरच्या तलंगांतली (कोवळ्या कोंबड्यांतली) एकबी रवणीला, म्हणजे अंड्यावर, बसंना. मग राधानगरीकडं मावशीच्या घरातनं एक कोंबडा न् तीन कोंबड्या आणून परत सुरुवात केली.

म्हणून कोंबडा निवडताना लई बारकाईनं बघा. खुडूक बसून पिल्लं नीट वाढवलेल्या कोंबडीचाच पोरगा ठेवायचा, पाय सरळ, नजर तेज, घार दिसली की आधी आवाज देणारा. ८-१० कोंबड्यांना एक पुरतो. गावच्या यात्रेच्या आठवड्यात त्याच्यावरच पाहुण्यांचा डोळा असतोय, मागतील तेवढे पैसे देतो म्हणतात, पण तो द्यायचा नाही, दुसरा द्या. आणि वर्षा-दीड वर्षानं लांबच्या गावातल्या कुणाच्यातरी गावरान कोंबड्याशी अदलाबदल करा, नाहीतर बाप-लेकीचाच जोडा लागत राहतो आणि पिल्लं अशक्त निघतात, अंडी वांझ जातात. कोंबडा बदलल्यावर तीन आठवडे तरी ती अंडी बसवू नका, खाऊन टाका, कारण जुन्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात तेवढे दिवस टिकतंय, हे मला लई उशिरा कळलं.

बसवायची अंडी आठवड्याच्या आतली घ्या, धुवायची नाहीत, फ्रिजमधली तर नकोच, टोकाची बाजू खाली करून गार जागी ठेवायची. कोंबडी अंडी द्यायची थांबून घरट्यातच फुगून बसायला लागली, हात लावला की पिसं फुलवून गुरगुरते, तवा समजायचं खुडूक आली. पाटीत भाताचं पिंजर, खाली थोडी राख (पिसवा होत नाहीत), १०-१२ अंडी, आणि बसवायची ती रात्रीच. सातव्या-आठव्या रात्री अंधारात मोबाईलची टॉर्च अंड्याच्या रुंद बाजूला लावा, आत लाल शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी आणि मधी हलणारा काळा ठिपका दिसला की जीव हाय, नुसतं पिवळं दिसलं तर वांझ, काढून टाका. अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही, एकविसाव्याला पिल्लं येतात. ज्या दिवशी बसवली ती तारीख भिंतीवर कोळशानं लिहा, आज्जी असंच करायची.

मानमोडी (राणीखेत रोग) आली की अख्खं खुराडं बसतंय, त्यामुळं लस चुकवायची नाही. पहिल्या आठवड्यात लासोटा ह्या लसीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात परत, आणि आठ आठवड्यांच्या आसपास त्याच रोगाच्या आर टू बी लसीचं इंजेक्शन, ते जनावरांच्या डॉक्टरांकडूनच करून घ्या. एका बाटलीत शंभर-दोनशे पिल्लांची लस असते म्हणून गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून आणायची, बर्फातनं आणायची, आणि एकदा कालवली की दोन तासात संपवायची.

पावसाळ्यात मात्र पिल्लं काढू नका. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमधी खुराड्याचा भुसा वाळतच नाही, रक्ती हगवण लागते आणि बारकी पिल्लं पटापट जातात. दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत बसवलेली बरी. भुसा रोज हलवून ओला काढायचा, चुना भुरभुरायचा, रात्री पिल्लांवर डालगं घालून वर दगड ठेवायचा, मुंगूस लई चलाख असतंय. आणि पिल्लांच्या पायात रंगीत केबल टाय सैल बांधा, कुठली कुणाची हे कळायला, पाय वाढले की महिन्या-महिन्याला बदलत जायचं.