डॉक्टरांना वाचता येईल असे मॉडेल कसे तयार करावे

न्यूमोनियाच्या रुग्णाला दाखल करावे की घरी उपचार द्यावेत, हे ठरवण्यासाठी अमेरिकेत १९९०च्या दशकात तयार केलेल्या मॉडेलांपैकी, म्हणजे जुन्या रुग्णांच्या माहितीवरून अंदाज करायला शिकलेल्या संगणक-प्रणालींपैकी, न्यूरल नेटवर्क (ज्याचा आतला हिशेब माणसाला वाचता येत नाही असा प्रकार) सर्वांत अचूक ठरूनही ते रुग्णांसाठी वापरले गेले नाही. त्याच माहितीवर शिकवलेल्या दुसऱ्या एका मॉडेलने ‘दमा असल्यास मृत्यूचा धोका कमी’ असा नियम काढला होता. प्रत्यक्षात दम्याच्या रुग्णांवर अतिदक्षता विभागात तातडीने उपचार होत, म्हणून ते वाचत. न्यूरल नेटवर्क हेच शिकले असले, तरी ते तपासण्याची सोय नव्हती.

म्हणून वय, रक्तदाब, रक्तातील युरिया अशी रकान्यांतील माहिती असेल, तर सुरुवात ‘एक्स्प्लेनेबल बूस्टिंग मशीन’ने करावी. त्यात प्रत्येक घटकाचा धोक्यावरील परिणाम स्वतंत्र आलेखात दिसतो आणि त्या परिणामांच्या बेरजेतून अंदाज निघतो. पायथॉनमधील ‘इंटरप्रेटएमएल’ या मोफत लायब्ररीत ते उपलब्ध आहे. एक्सजीबूस्ट या अचूक, पण वाचायला अवघड मॉडेलशी त्याची तुलना अवश्य करावी. अचूकतेतील फरक किरकोळ असेल, तर माझ्या मते वाचता येणारे मॉडेलच निवडावे.

खरे काम यापुढचे आहे, आणि ते घाईने उरकू नये. त्या आजाराच्या डॉक्टरांसोबत बसून एकेक आलेख पाहावा आणि रेषा जिथे अचानक चढते किंवा उतरते, तिथे हा शरीराचा धर्म आहे की रुग्णालयाच्या कार्यपद्धतीचा परिणाम, हे विचारावे. समजा, क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्तातील घटकाच्या) आलेखात बरोबर सरासरीपाशी खळगा दिसला, म्हणजे तिथेच धोका कमी दिसला, तर न झालेल्या तपासण्यांच्या जागी सरासरी भरली गेली आहे का, हे पाहावे. प्रकृती बरी वाटणाऱ्यांची तपासणी बहुधा केलेलीच नसते, म्हणून भरलेल्या सरासरीपाशी धोका कमी भासतो. दम्यासारखा रकाना मात्र काढून टाकू नये, कारण मग तीच चूक इनहेलरच्या नोंदीआड लपते. रकाना ठेवून, डॉक्टरांच्या संमतीने आलेख दुरुस्त करावा आणि बदलाची कारणासह लेखी नोंद ठेवावी.

कोणत्या घटकाने अंदाज किती बदलला हे दाखवणाऱ्या ‘शॅप’सारख्या पद्धती मॉडेलने केलेला हिशेब सांगतात, आजाराचे कारण नव्हे. एक्स-रेवरील रंगीत नकाशाही मॉडेलने कुठे पाहिले एवढेच सुचवतो. तिथे काय ओळखले, हे त्यातून कळत नाही. छातीच्या एक्स-रेवरून चित्र कोणत्या रुग्णालयातले आहे हे मॉडेल ओळखू शकते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते. त्यामुळे मॉडेल ज्या रुग्णालयांच्या माहितीवर शिकले नाही, तिथल्या चित्रांवर त्याची चाचणी झाल्याशिवाय ते वॉर्डात नेऊ नये.