बिऱ्हाड हलवण्याआधी जर्मनी बघून येताना

जर्मनीत राहायला जायचं की नाही, आणि तिथे सरकारच्या नजरेपासून कितपत मोकळं राहता येईल, हे ठरवण्यासाठी दोन-तीन आठवडे तिकडे राहून यायचा विचार असेल, तर बॅगा काढण्याआधी एक वही काढा. पहिल्या पानावर आपण नक्की कशाला घाबरतोय ते लिहा. ‘सरकारची पाळत’ एवढ्या दोन शब्दांनी काम होत नाही. आपलं फोनवरचं बोलणं कुणी ऐकेल याची धास्ती आहे, की एखाद्या मोर्चात उभं राहिल्याची नोंद होईल याची, की पत्ता, पगार, धर्म आणि बोटांचे ठसे एका फायलीत जमा होतील याची? या तिन्हींची उत्तरं तीन वेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आजोबांची पत्रं होती. आणीबाणीत ते तुरुंगात असताना आजीला आलेलं प्रत्येक आंतरदेशीय पत्र आधी कुणीतरी वाचलेलं असायचं. कोपऱ्यात तपासल्याचा जांभळा शिक्का, आणि एका पत्रात दोन ओळी काळ्या शाईने गिरवून टाकलेल्या. ते पत्र मी उजेडासमोर धरून कितीदा तरी बघितलं आहे, एक वेलांटी सोडली तर काही दिसत नाही. त्या ओळींत काय होतं हे आजीला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि विचारायचं कुणाला हेही कळलं नाही. म्हणून कुठलाही देश बघताना मी एकच प्रश्न घेऊन जाते: माझ्याबद्दल काय लिहून ठेवलंय हे मला विचारता येतं का, आणि विचारलं तर उत्तर मिळतं का?

जायचा देश अजून पक्का नसेल, तर हाच प्रश्न घरबसल्या प्रत्येक देशाला लावून बघा. अमेरिकेत सीमेवरचे अधिकारी फोन आणि लॅपटॉप तपासू शकतात. २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं जातं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून एच-१बी वाल्यांनाही. दुबईला जाणार असाल तर व्हॉट्सॲपवरून आईशी नेहमीसारखं बोलता येणार नाही हे आधीच धरून चाला. जर्मनीकडे आपली माणसं आता मोठ्या संख्येने बघताहेत. पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांची परंपरा जुनी आहेच, त्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. म्हणून ही यादी जर्मनीची.

निघण्याआधी थोडं वाचन करा, कारण तिथल्या न्यायालयांनी या विषयावर बरंच काम करून ठेवलं आहे. हेस्सेन राज्याने १९७० मध्ये जगातला पहिला डेटा संरक्षण कायदा केला. १५ डिसेंबर १९८३ रोजी जनगणनेच्या खटल्यात घटना न्यायालयाने सांगितलं की आपल्या माहितीचं काय व्हावं हे ठरवण्याचा अधिकार मुळात त्या माणसाचाच आहे. आपल्याकडे खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सांगितलं. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सरकारला आपल्याच यंत्रणांना त्यातून सूट देता येते. जर्मनीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा निकाल १९ मे २०२० चा. जर्मन गुप्तचर खात्याने परदेशात परदेशी माणसांवर पाळत ठेवली तरी जर्मन राज्यघटनेची बंधनं त्याला लागू राहतात, असं त्यात ठरलं. म्हणजे त्या खात्याने पुण्यात बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकलं, तरी त्या माणसाच्या हक्काचा विचार त्यांना करावा लागेल.

याचा अर्थ तिथे कुणी ऐकत नाही असा घेऊ नका. जर्मनी आणि परदेश यांच्यातलं दळणवळण ठरावीक शब्द लावून गाळून बघायची मुभा गुप्तचर खात्याला १९६८ च्या कायद्याने आहे, आणि तुमचा घरी येणारा फोन नेमका त्याच प्रकारात मोडतो. फरक इतका की त्यासाठी एका स्वतंत्र आयोगाची मंजुरी लागते. सगळ्यांच्या फोनच्या नोंदी सरसकट साठवण्याचा कायदा घटना न्यायालयाने २०१० मध्ये रद्द केला आणि त्यानंतरचा कायदा २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयात टिकला नाही. तरीही २०२५ च्या सत्ताधारी आघाडीच्या करारात आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेट जोडणीचे ओळख क्रमांक, तीन महिने साठवण्याचा मुद्दा आहेच. ही ओढाताण संपलेली नाही, हे मनाशी धरूनच जा.

आता व्हिसा. अर्ज करताना दहा बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि ते शेंगेन देशांच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या, सामायिक यंत्रणेत जातात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली, तिथे चेहऱ्याचा फोटोही घेतात. हे टाळता येत नाही. ज्याला ठसे द्यायचेच नाहीत त्याने शेंगेनचा विचार सोडून द्यावा, इतकं ते सरळ आहे. प्रवासी व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस मिळतात. कामाचीही चाचपणी करायची असेल तर जून २०२४ पासून सुरू झालेलं ‘चान्सेनकार्टे’ बघा. त्यावर नोकरी शोधायला एक वर्षापर्यंत राहता येतं आणि आठवड्याला वीस तास काम करता येतं.

फोनची तयारी जायच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका. जुना फोन असेल तर तोच न्या. त्यात तिकीट, विमा, नकाशे आणि घरच्यांचे नंबर एवढंच ठेवा, लांब पासवर्ड लावा, बोटाने उघडणारं कुलूप बंद करा. भारतातलं सिम मात्र रोमिंग चालू करूनच न्या, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही आणि परक्या गावात पैसे अडकून बसतील. कागदपत्रांच्या छापील प्रती आणि थोडे रोख युरो बरोबर ठेवा. रोखीचा वापर तिथे अजून भरपूर आहे, आणि रोखीच्या व्यवहाराची नोंद बँकेत राहत नाही, हे आपल्या विषयाला धरूनच आहे.

पोचल्यावर पहिली गोष्ट हॉटेलच्या काउंटरवरच बघायला मिळेल. तुमच्यापुढे एक फॉर्म येईल: नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, पत्ता, सही. शेजारी उभा असलेला जर्मन माणूस किल्ली घेऊन निघून जाईल, कारण १ जानेवारी २०२५ पासून जर्मन नागरिकांसाठी हा फॉर्म रद्द झाला, परदेशी लोकांसाठी राहिला. चिडू नका. आपल्याकडेही परदेशी पाहुणा आला की हॉटेलवाल्याला फॉर्म सी भरावा लागतोच. पण वहीत ठळक अक्षरांत लिहून ठेवा, की कुठल्याही देशात नागरिकावरची नजर आणि परदेशी माणसावरची नजर सारखी नसते. देशाच्या मोकळेपणाची वर्णनं बहुतेक वेळा तिथल्या नागरिकांनी केलेली असतात, आणि आपण तिथे पहिली काही वर्षं नागरिक नसतो. सिम कार्ड घेतानाही पासपोर्ट दाखवावा लागेल. २०१७ पासून प्रीपेडलाही ओळख लागते.

राहायला गेल्यावर हाच फरक जास्त जाणवेल. परदेशी रहिवाशांची एक केंद्रीय नोंदवही जर्मनीत १९५३ पासून आहे. तुमचा निवास परवाना, त्यातले बदल, फोटो हे सगळं तिच्यात जातं आणि अनेक सरकारी कार्यालयांना ते बघता येतं. जर्मन नागरिकांची अशी एकच मध्यवर्ती वही नाही, त्यांच्या नोंदी गावोगावच्या कार्यालयांत असतात. हे मला खटकतं, आणि तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला खटकायला हवं. पण या वहीत आपल्याबद्दल काय आहे हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. त्या अर्जाचा नमुना आत्ताच उतरवून ठेवा.

एक दुपार निव्वळ रस्त्यांवरून फिरायला ठेवा आणि दारांकडे बघा. बर्लिनमध्ये मी ज्या जिन्यापाशी उभी राहिले तिथे पितळी पाटीवर बावीस घंट्या होत्या आणि प्रत्येक घंटीशेजारी आडनाव. फ्लॅटला नंबर नव्हताच. टपालपेटीवर आडनाव नसेल तर पत्र परत जातं, म्हणून नवा भाडेकरू आल्या दिवशी कागदाची चिठ्ठी चिकटवतो. एका घंटीपाशी अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी होती, पावसाने शाई पसरलेली, आणि तरीही आडनाव दक्षिण भारतीय आहे हे वाचता येत होतं. ज्या देशात २०१० मध्ये दोन लाखांहून जास्त घरांनी गूगलच्या नकाशावर आपली घरं पुसट करायला लावली, तिथे रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही तुमचं आडनाव वाचता येतं. तुमच्या आडनावावरून तुमची जात, गाव किंवा धर्म ओळखला जाईल अशी चिंता असेल, तर या पाटीसमोर उभं राहून आपल्याला कसं वाटतं ते बघा.

भाड्याचं घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. पुण्यात भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यावी लागते, ते आठवा, फक्त इथे देशातल्या प्रत्येकाला हे करावं लागतं, जर्मन माणसालाही. नोंदणीचा फॉर्म मिळवून घरी आणा आणि शब्दकोश घेऊन ओळ न् ओळ वाचा. त्यात धर्माचा रकाना आहे. तो चर्चच्या करासाठी आहे. वसई किंवा गोव्याच्या कॅथलिक वाचकांनी इथे थांबावं: तुम्ही तिथे रोमन कॅथलिक लिहिलंत की बर्लिनमध्ये आयकराच्या नऊ टक्के, बायर्न (बव्हेरिया) राज्यात आठ टक्के रक्कम चर्चकर म्हणून पगारातून कापली जाईल. श्रद्धेने द्यायचा असेल तर जरूर द्या, पण समजून द्या. हिंदू, बौद्ध वाचकांना हा कर लागत नाही, त्यांनी रकाना रिकामा सोडावा. आपली माहिती राजकीय पक्षांना आणि पत्ते छापणाऱ्या प्रकाशकांना देऊ नये असंही त्याच खिडकीवर सांगता येतं. कुणी आपणहून सांगत नाही, आपणच मागावं लागतं.

नोंदणी झाली की थोड्याच दिवसांत सार्वजनिक प्रसारणाच्या वर्गणीचं पत्र दारात येतं, घरटी दरमहा १८.३६ युरो. पत्ता त्यांना नोंदणी कार्यालयाकडूनच मिळतो. घर भाड्याने घेताना ‘शुफा’ या खासगी कंपनीचा दाखला मागतात, ती आपल्याकडच्या सिबिलसारखी तुमच्या उधारीचा हिशेब ठेवते. आणि तिथे करदाते झालात की भारतातल्या बँक खात्याची माहिती आपोआप जर्मन कर खात्याकडे जाते, कारण दोन्ही देश अशा देवाणघेवाणीत आहेत. इथली मुदत ठेव लपेल असं धरून चालू नका.

लाइपझिगला एक दिवस नक्की काढा. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचं, म्हणजे श्टाझीचं, तिथलं कार्यालय आता संग्रहालय आहे. मी पाकिटं उघडायच्या यंत्रासमोर बराच वेळ उभी होते. वाफेने डिंक सैल करायचा, पत्र वाचायचं, पाकीट पुन्हा चिकटवायचं. शिक्का नाही, काळी शाई नाही, ज्याचं पत्र त्याला पत्ताच नाही. १९८९ मध्ये या खात्यात सुमारे ९१,००० पूर्णवेळ माणसं होती, खबरे वेगळे, आणि मागे राहिलेल्या फायली एका रांगेत ठेवल्या तर १११ किलोमीटर भरतात. पण जानेवारी १९९० मध्ये बर्लिनच्या लोकांनी त्यांच्या मुख्यालयात शिरून त्या फायलींची नासधूस थांबवली, आणि २ जानेवारी १९९२ पासून ज्याची फाइल त्याला बसून वाचता येते. काहींना आपल्यावर नजर ठेवणारा आपलाच नवरा किंवा मित्र होता हे तिथे कळलं. तरीही लोकांनी फायली जाळून टाकायला नकार दिला. आजीला हे दाखवायला मिळालं असतं तर, असं मला तिथे फार वाटलं.

आजच्या गुप्तचर यंत्रणांनाही असं विचारता येतं. देशांतर्गत खात्याकडे आपल्याबद्दलची माहिती विनाशुल्क मागता येते, पण कुठल्या ठोस गोष्टीमुळे विचारतोय ते सांगावं लागतं. त्यांनी नकार दिला तर केंद्रीय डेटा संरक्षण आयुक्तांकडे जाऊन तपासायला सांगता येतं. आयुक्त तुम्हाला सगळं सांगतीलच असं नाही, पण तुमच्या वतीने कुणीतरी आत जाऊन बघतं.

परतायच्या आधीची शेवटची तयारी म्हणजे हा हक्क एकदा वापरून बघणं. ज्या कंपनीचं सिम घेतलंत तिला युरोपीय डेटा संरक्षण नियमाच्या पंधराव्या कलमाखाली चार ओळींची मेल लिहा: माझ्याबद्दल तुमच्याकडे काय आहे, कुठून आलं, कुणाला दिलंत, प्रत पाठवा. यासाठी नागरिक असावं लागत नाही, रहिवासीही असावं लागत नाही. उत्तर एक महिन्यात यायला हवं, अडचण असेल तर आणखी दोन महिने, पण तेही कारण देऊन. नाहीच आलं तर केंद्रीय आयुक्तांकडे फुकट तक्रार करता येते. मेल पाठवल्याची तारीख वहीच्या शेवटच्या पानावर लिहा, तिच्याखाली एक महिन्यानंतरची तारीख लिहा, आणि घर सोडण्याची नोटीस त्या दुसऱ्या तारखेपर्यंत देऊ नका.