उद्या व्हिडिओ कॉल आहे? आज संध्याकाळी एवढं बघून ठेवा

नोकरीची मुलाखत, डॉक्टरांचा सल्ला, स्थळाच्या मंडळींशी पहिलं बोलणं, परदेशातल्या लेकीची चौकशी. सांगली-मिरजेत ही सगळी कामं आता व्हिडिओ कॉलवर होतात, आणि यातली काही बिनसली तर दुसरी संधी मिळतेच असं नाही. म्हणून तयारी कॉलच्या वेळी करू नका, आदल्या संध्याकाळी करा. करताना क्रम असा ठेवा: आधी आवाज, मग नेट आणि सगळ्यात शेवटी चित्र. चेहरा मध्येच अडकला तरी बोलणं पुढे जातं. आवाज तुटायला लागला की मात्र दोन्हीकडची माणसं "हॅलो, हॅलो" करत बसतात आणि कामाचं बोलणं राहून जातं.

फोनवरून कॉल करणार असाल तर पहिलं काम म्हणजे व्हॉट्सॲपवर घरच्याच कुणाला तरी एक व्हॉइस मेसेज पाठवून तो स्वतः ऐकणं. आवाज स्वच्छ आला तर फोनचा माइक ठीक आहे, खोट कॉलच्या ॲपमध्ये शोधायची. दबका आला तर फोनच्या खालच्या कडेचं बारीक भोक बघा. ते धुळीने किंवा जाड कव्हरने बंद झालेलं असतं. माइक चांगला असून ॲपमध्ये आवाज जात नसेल तर बहुतेक वेळा परवानगीचा प्रश्न असतो. पहिल्यांदा ॲप उघडताना घाईत नकार दाबला जातो, आणि अँड्रॉइड ११ पासून तोच नकार दोनदा दिला की फोन पुन्हा विचारतच नाही. मग सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात ते ॲप, त्यात परमिशन्स अशा वाटेने जाऊन मायक्रोफोन आणि कॅमेरा दोन्ही सुरू करावे लागतात. अँड्रॉइड १२ आणि त्यापुढच्या फोनमध्ये अजून एक जागा तपासा. वरून पडदा खाली ओढला की माइक आणि कॅमेरा सगळ्या ॲपसाठी एकदम बंद करणारी बटणं तिथे असू शकतात. लहान मुलाच्या हातात फोन गेला की ती दाबली जातात आणि मग एकाही ॲपमध्ये आवाज जात नाही. आयफोनवर वरच्या कोपऱ्यात केशरी ठिपका दिसला तर माइक चालू आहे, हिरवा दिसला तर कॅमेरा.

ब्लूटूथ तर आदल्या दिवशीच तपासा. कानात लावायचा इअरफोन डबीत असतो, पण फोन शेजारच्या खोलीतल्या स्पीकरला जोडलेला असतो आणि आवाज तिकडे जातो. शिवाय ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की गाण्याच्या वेळचा स्वच्छ आवाज जाऊन जाडाभरडा आवाज येतो, कारण बोलणं आणि ऐकणं दोन्ही एकाच जोडणीतून करायचं असलं की ती वेगळ्या, हलक्या दर्जाच्या पद्धतीने चालते. महत्त्वाच्या कॉलला मी प्रत्येकाला तारेचा साधा इअरफोनच वापरायला सांगतो. त्याचं चार्जिंग संपत नाही, आणि स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून होणारा प्रतिध्वनीही टळतो. एकाच खोलीत दोघांनी दोन फोनवरून तोच कॉल घेतला असेल तर एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवा, नाहीतर शिट्टीसारखा आवाज सुरू होतो.

घरच्या जुन्या डेस्कटॉपला मोबाईलचा इअरफोन लावणाऱ्यांनी हे वाचाच. मोबाईलच्या पिनेवर ऐकणं आणि बोलणं दोन्ही एकत्र असतं. जुन्या संगणकाला मात्र दोन वेगळी भोकं असतात, हिरवं ऐकण्याचं आणि गुलाबी माइकचं. हिरव्यात पिन घातली की समोरच्याचं सगळं ऐकू येतं आणि तुमचं काहीच जात नाही. माणूस तासभर सेटिंग्ज चाळत बसतो, दोष मात्र भोकात असतो. त्यासाठी दोन टोकांचा स्प्लिटर मिळतो, नाहीतर यूएसबीचा हेडफोन घ्या. विंडोजमध्ये आधी कॅमेरा हे ॲप उघडून बघा. तिथे चेहरा दिसला तर यंत्र ठीक आहे. मग सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत जाऊन कॅमेरा आणि मायक्रोफोन दोन्हीकडे डेस्कटॉप ॲप्सना परवानगी असल्याचं वेगळं तपासा, कारण ते बटण यादीत अगदी खाली असतं आणि नजरेतून सुटतं. कॅमेरा ॲपमध्येही काळंच दिसलं तर कॅमेऱ्यावरची सरकती झडप बघा. झूम उघडं ठेवून टीम्स सुरू केलं तर कॅमेरा आधीच्याच ॲपच्या ताब्यात राहतो, म्हणून एक वेळी एकच ॲप उघडा. ब्राउझरमधून जोडणार असाल तर पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावर दाबून त्या साइटला दिलेल्या परवानग्या दिसतात. संगणकाची तारीख-वेळ चुकलेली असली तर सुरक्षित साइट उघडतच नाहीत. जुन्या मशीनमध्ये आतली छोटी बॅटरी संपली की असं होतं.

मिरजेत एक वेगळी अडचण येते आणि तिच्याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे. इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेरगावचं गिऱ्हाईक वाद्य घेण्याआधी कॉलवर ऐकू मागतं, आणि गाणं शिकणारी मुलंही परगावच्या गुरुजींकडे कॉलवरून शिकतात. तानपुरा छेडला की दोन-तीन सेकंद आवाज येतो आणि मग विरून जातो. पलीकडच्याला वाटतं, वाद्यात दम नाही. खरी गोष्ट अशी की ही ॲप पंख्याची घरघर कापायला बनवलेली गाळणी आपणहून चालू ठेवतात. एकसारखा, अखंड चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं ती गाळणी समजते. तानपुऱ्याचा नाद नेमका तसाच अखंड असतो, त्यामुळे जवारीतून, म्हणजे घोडीवर तार घासून, उठणारे बारीक स्वर आधी जातात. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' हा पर्याय चालू करा. गूगल मीटमध्ये सेटिंग्जच्या ऑडिओत जाऊन गोंगाट कापणारा पर्याय बंद करा. मग पंखा मात्र खरोखरच बंद करावा लागेल. आणि वाद्य घ्यायचं की नाही हे कॉलवर ठरवायला लावू नका. तोच आवाज फोनवर रेकॉर्ड करून फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तशी पाठवली की ती वाटेत दाबली जात नाही.

शिकवणीसाठी दुसरी गोष्ट. कॉलवर आवाज पोचायला वेळ लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूचा हा वेळ १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बोलण्यात अडथळा जाणवत नाही. त्याहून वाढला की दोघं एकमेकांच्या बोलण्यात बोलू लागतात. पण ठेक्यात गाण्याला तेवढा उशीरही फार होतो. म्हणून गुरुजींच्या तानपुऱ्यावर शिष्याने इकडून गाऊ नये. दोघांनी आपापला तानपुरा आपापल्या खोलीत लावावा आणि आळीपाळीने गावं.

आता नेट. दोघांच्या झूम कॉलला चांगल्या चित्रासाठी जाताना आणि येताना साधारण ६०० केबीपीएस वेग लागतो (हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस), म्हणजे तासाला अर्ध्या जीबीच्या आसपास डेटा. त्याहून स्पष्ट, म्हणजे ७२०पी चित्र हवं असेल तर १.२ एमबीपीएस. नुसत्या आवाजाला शंभर केबीपीएसच्या आतच भागतं. ही गरज फार नाही, तरी कॉल तुटतात, कारण आपण फक्त डाउनलोडचा आकडा बघतो. तुमचा चेहरा आणि आवाज अपलोडवरून जातो. स्पीडटेस्ट घ्यायची ती कॉलच्याच वेळेला, म्हणजे रात्री ९ चा कॉल असेल तर आदल्या रात्री ९ ला, आणि ज्या खुर्चीत बसणार त्याच खुर्चीत बसून. अपलोड दोन-तीन एमबीपीएसच्या वर स्थिर राहिलं तर निर्धास्त बसा. रोजच्या डेटावर अवलंबून असाल तर तो रात्री १२ ला नवा मिळतो हे ध्यानात ठेवा. दिवसभरात मुलांनी तो संपवला की बहुतेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि संध्याकाळचा कॉल तिथेच बुडतो.

गावभागातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती जाड आहेत. तिथे राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं वायफाय एका भिंतीपलीकडे गळपटतं. २.४ गिगाहर्ट्झचं लांब पोचतं, पण शेजारपाजारच्या राउटरांची गर्दी त्यावरच असते आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच लहरींवर चालतो. त्यामुळे एकतर राउटरच्या खोलीत बसून ५ वर जोडा, नाहीतर संगणकाला सरळ लॅनची तार लावा. तार असली की बाकीची निम्मी काळजी मिटते, असं माझं ठाम मत आहे.

वीज जाणार असं धरूनच चला. लॅपटॉपची बॅटरी टिकते पण राउटर बंद पडतो, आणि लोकांना वाटतं कंपनीचं नेट गेलं. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी ॲडॉप्टरवरचा आकडा वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे. तो घेणं जमत नसेल तर फोनचा हॉटस्पॉट आदल्या दिवशीच एकदा लॅपटॉपला जोडून ठेवा, म्हणजे वेळेला पासवर्ड शोधावा लागत नाही. घरात दोन कंपन्यांची सिमकार्डं असतील तर कुठलं सिम कुठल्या खोलीत चांगलं चालतं तेही बघा. जुलै-ऑगस्टमध्ये संततधार लागली की एकाच जोडणीवर विसंबणं धोक्याचं आहे.

ॲप आणि विंडोजचे अपडेट आदल्या दिवशी करून मशीन एकदा बंद-चालू करा. जुनं ॲप ऐन वेळी आधी अपडेट व्हायलाच सांगतं. झूमच्या फुकट खात्यावर मीटिंग ४० मिनिटांनी संपते. गूगल मीटवर तिघं किंवा जास्त जण असतील तर ६० मिनिटांनी. अमेरिकेशी बोलायचं असेल तर वेळ पुन्हा मोजा: न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा.

उजेड समोरून यावा, खिडकी पाठीमागे नको. चित्राबद्दल एवढं पुरे.

मिरजेच्या डॉक्टरांना कॉलवर पुरळ किंवा जखम दाखवायची असेल तर फोनचा मागचा कॅमेरा वापरा, पुढच्यापेक्षा तो बहुधा जास्त स्पष्ट असतो. रिपोर्टचे फोटो आधीच पाठवा, कॉलवर कागद हलवत धरू नका. गोळ्यांची पाकिटं जवळ ठेवा.

विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या व्यवसायातली माणसं देशभर विखुरलेली आहेत. त्यांचा रात्रीचा कॉल गावाकडे आई-वडील घेतात. अशा कॉलची तयारी गावाकडच्या फोनवर करावी लागते, आणि ती सुट्टीला घरी आल्यावर स्वतः बसून करा. आवाजाचं बटण पूर्ण वर न्या, फोन टेकवायला एखादा स्टँड द्या, होम स्क्रीनवर फक्त लेकाचं आणि लेकीचं नाव ठेवा. कॉल आल्यावर हिरवं बटण वर सरकवायचं की दाबायचं, हे त्यांच्याच हातून करून घ्या. आईने पुन्हा विचारलं तर पुन्हा दाखवा. तिला भीती असते की आपल्या हातून काहीतरी बिघडेल.

आणि त्यांना हे मात्र नक्की सांगून ठेवा. कॉल दुरुस्त करून देतो म्हणून कुणी अनोळखी माणूस एनीडेस्कसारखं, लांबून तुमचा फोन बघू-चालवू देणारं ॲप टाकायला किंवा स्क्रीन शेअर करायला लावत असेल तर फोन ठेवायचा. पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉलवर येऊन "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे" म्हणणाराही चोरच असतो. अशी अटक कायद्यात नाहीच. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करायचा.

कॉलच्या अर्धा तास आधी फोन चार्जिंगवरून काढा. चार्जिंग आणि व्हिडिओ एकदम चालले की फोन तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. मे महिन्यात तर कव्हरही काढा. मधेच साधा फोन आला की कॉलचा आवाज तुटतो, म्हणून वायफायवर असाल तर विमान मोड लावून वायफाय पुन्हा चालू करा. फक्त ओटीपी येणार असेल तर हे करू नका. मुलाखतीला तुमच्या चौकोनाखाली फोनच्या मॉडेलचं नाव न दिसता तुमचं पूर्ण नाव दिसायला हवं.

एवढं करूनही कॉल अडखळला तर आधी दोष कुणाकडे आहे ते ओळखा. सगळ्यांचीच चित्रं थांबली तर नेट तुमचं. एकट्याचंच थांबलं तर त्याचं. तुम्हाला सगळं नीट ऐकू येतंय आणि पलीकडचे म्हणतात "तुमचा आवाज तुटतोय", तर तुमचं अपलोड कमी पडतंय. मग आधी स्वतःचा कॅमेरा बंद करा. नाही सुधारलं तर बाहेर पडून पुन्हा आत या. तरीही नाही, तर वायफाय सोडून मोबाईल डेटावर जा. सेटिंग्जमध्ये शिरायचं ते यानंतर.

मीटिंगचा आयडी, पासकोड आणि समोरच्याचा साधा फोन नंबर कागदावर लिहून टेबलावर ठेवा. फोनमध्ये लिहून ठेवलेला नंबर फोनच अडकल्यावर उपयोगाचा नाही. आणि समोरच्याला आदल्या दिवशीच मेसेज करून ठेवा, की पाच मिनिटांत जोडलं गेलं नाही तर मी साधा फोन लावीन.