गाडीत कंपनीकडूनच बसवून आलेल्या स्टिरिओला सबवूफर (खर्जाचा स्पीकर) कसा जोडायचा
कंपनीचा स्टिरिओ काढायची गरज नाही, त्याला आरसीए आउट (अँप्लिफायरला सिग्नल देणारं सॉकेट) नसला तरी मागच्या स्पीकरच्या वायरींवरून सिग्नल घेता येतो, सबवूफर चालवणाऱ्या अँपला (अँप्लिफायरला) हाय लेव्हल इनपुट, म्हणजे स्पीकरच्या वायरी घेणारी जोडणी, असेल तर थेट, नाहीतर मध्ये स्पीकरचा सिग्नल आरसीएत बदलणारा लाइन आउट कन्व्हर्टर लावून. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. अँपची पॉवर वायर बॅटरीच्या प्लसवरून आणायची आणि फ्यूज बॅटरीपासून साधारण ४५ सेंमीच्या आतच, हे प्लीज टाळू नका, वायर घासून बॉडीला टेकली आणि फ्यूज नसला तर आग लागू शकते. अँपचं अर्थिंग बॉडीचा रंग खरवडून कोऱ्या पत्र्यावर घट्ट, वायर आखूड. सिग्नल वायर पॉवरच्या विरुद्ध बाजूने न्या. मग अँपवरचा लो पास (फक्त खर्ज पुढे जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा, गेन (अँप सिग्नल किती वाढवतो ते ठरवणारं बटण) अगदी कमीपासून हळूहळू वाढवा, आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्या.