कांद्याच्या सालींनी लोकर रंगवताना

लोकर गुंडा करून नव्हे, लडी करून रंगवा. लडीला चार ठिकाणी सुती दोरा सैल बांधा. घट्ट आवळलात तर तिथे पांढरे पट्टे राहतात. 100 ग्रॅम सुकी लोकर भिजवून, 10-12 ग्रॅम तुरटीच्या पाण्यात तासभर मंद आचेवर ठेवा. मग सुक्या लोकरीइतक्याच वजनाच्या सुक्या सालींच्या गाळलेल्या, कोमट काढ्यात लडी सोडा आणि हळूहळू तापवा. कडेला बारीक बुडबुडे दिसले की गॅस बारीक, उकळी नकोच. ढवळायचा मोहही आवरा! गरम लोकर घुसळली किंवा एकदम थंड पाण्यात टाकली की आटून गच्च होते. भांड्यातच निवू द्या. रंग सोनेरी-केशरी येतो; लोखंडी कढईत मात्र काळपट हिरवट. अॅक्रिलिक ‘लोकर’ हा रंग धरतच नाही, तेव्हा लेबल वाचा. भांडं स्वयंपाकाचं नको.