ज्येष्ठ पंचांसोबत पहिला बास्केटबॉल सामना

नव्या पंचाची सर्वाधिक धांदल होते ती दोन्ही शिट्ट्या एकाच वेळी वाजल्यावर, कारण निर्णय कोणी दाखवायचा हे आधी ठरलेले नसते.

नियमानुसार पंचांनी सामन्याच्या २० मिनिटे आधी मैदानावर असावे लागते. बेळगाव, खानापूर वा निपाणीत सामना असेल, तर त्याहूनही थोडे लवकर पोहोचून ज्येष्ठ सहकाऱ्यांना एवढेच विचारावे: "सर, शिट्ट्या एकदम वाजल्या तर संकेत कोणी द्यायचा?" बहुधा ज्याच्या क्षेत्रात घटना घडली तो देतो. म्हणून शिट्टी वाजताच फाउलसाठी मूठ वर धरून थांबावे, सरांकडे पाहावे आणि नजरानजर झाल्यावरच पुढचा संकेत करावा. हा एक क्षण थांबणे मला सर्वांत मोलाचे वाटते.

आपल्या भागात गुणलेखकाच्या टेबलावर कन्नड आणि मराठी दोन्ही चालतात, त्यामुळे खेळाडूचा क्रमांक बोटांनी स्पष्ट दाखवावा. १६ पासून पुढे आधी हाताची मागची बाजू टेबलाकडे करून दशक, मग तळहात टेबलाकडे करून एकक.

सहकाऱ्यांचा एखादा निर्णय पटला नाही, तरी खेळाडूंसमोर चेहऱ्यावरही ते दिसू देऊ नये. मध्यंतराच्या १५ मिनिटांत एकांतात विचारावे.