टाफ्टच्या मिशा आणि पितांबरी: नेत्यांचे जुने पत्र्याचे ट्रे घेताना

पहिलाच ट्रे मी पितांबरीने घासला. हसू नका. अमेरिकेत नवीन होतो, एका जुन्या बाजारात अध्यक्षपदाचा उमेदवार टाफ्ट आणि उपाध्यक्षपदाचा उमेदवार शर्मन यांचे चेहरे छापलेला, शंभर वर्षांपूर्वीच्या निवडणुकीचा पत्र्याचा ट्रे मिळाला, कळकट होता म्हणून घरी आणून देवाची भांडी घासतो तसा घासला आणि टाफ्टच्या अर्ध्या मिशा सिंकमध्ये वाहून गेल्या. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो, आणल्या आणल्या धुवायचा नाही!!

कारण असं की हे रंग पत्र्यावर नुसते बसलेले असतात. आधी सपाट पत्र्यावर लिथोने (जुनी छपाईची पद्धत) एकेक रंग चढवायचा, वरून व्हार्निश, आणि मग साच्यात दाबून ट्रेचा आकार द्यायचा. शंभर वर्षांनी ते व्हार्निश पिवळं पडतं, तडकतं, आणि आपण घासलं की ते जातं आणि सोबत रंगही जातो. मऊ कोरड्या कापडाने धूळ टिपा, फार तर मागच्या बाजूला कोपऱ्यात ओलसर कापसाचा बोळा लावून बघा, रंग बोळ्यावर आला तर तिथेच थांबा.

आता ओळखायचं कसं. ओहायोतलं कोशॉक्टन हे या धंद्याचं मोठं गाव, तिथली मीक कंपनी 1909 मध्ये अमेरिकन आर्ट वर्क्स झाली. अशी नावं बहुतेक कडेला बारीक अक्षरात असतात, त्यामुळे भिंग खिशात पाहिजेच. त्याच भिंगातून चेहरा बघा. जुन्या लिथोत गालावरचे ठिपके हाताने दिल्यासारखे वेडेवाकडे दिसतात, आणि पेपरातल्या फोटोसारखे एका मापाचे ठिपके ओळीत दिसले तर नंतरची कॉपी असण्याची शक्यता जास्त. ट्रेवर छापलेल्या दुकानाच्या पत्त्यात पाच आकडी झिप कोड (तिकडचा पिनकोड) असेल तर विषयच संपला, तो 1963 मध्ये आला.

पण मला खरी मजा जोडीत येते, म्हणजे अध्यक्षपदाचा उमेदवार आणि त्याच्यासोबतचा उपाध्यक्षपदाचा. मॅकिन्लीसोबत 1896 ला हॉबार्ट उभा होता, 1900 ला रूझवेल्ट, म्हणजे मॅकिन्ली-रूझवेल्ट दिसले की ट्रे 1900 च्या निवडणुकीचा. समोरच्या पक्षाचा ब्रायन बिचारा अध्यक्षपदासाठी तीनदा लढला आणि तीनदा पडला, दरवेळी जोडीदार वेगळा, सीवॉल 1896, स्टीव्हन्सन 1900, कर्न 1908, त्यामुळे शेजारचा माणूस ओळखला की साल हातात. टाफ्ट-शर्मन मात्र घोळ घालतात कारण ते 1908 ला आणि 1912 ला दोन्ही वेळा एकत्र होते (1912 ला तर शर्मन मतदानाच्या आठवडाभर आधी वारलेच). अशा वेळी ट्रेवरची बाकीची अक्षरं वाचायची. माझ्या ट्रेवर 1856 ते 1908 असं लिहिलंय आणि कडेने टाफ्टच्या पक्षाचे आधीचे उमेदवार गोल बसवलेत, एकदम पंगतीत बसल्यासारखे.

विकणारा 1896 सांगतोय आणि ट्रेवर मॅकिन्लीशेजारी रूझवेल्ट आहे, तर भांडू नका, शांतपणे भाव पाडून मागा. मी एकदा मोठ्या तोऱ्यात चूक दाखवली, त्याने ट्रेच आत ठेवला.

डागडुजी केलीय का ते बघायला अंधारात यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च मारा, नंतर लावलेला रंग बरेचदा वेगळाच चमकतो. कडेचे टवके आणि मागचा गंज चालतो हो, पण चेहऱ्यावर खड्डे पडलेले असतील तर स्वस्तात मिळाला तरी मी सोडतो, रोज भिंतीवर बघायचाय तो चेहराच ना. उलट नवाकोरा चकाचक आणि स्वस्त असा दिसला की मी दोन पावलं मागे सरकतो. 1973 पासून अमेरिकेत कायदा आहे की राजकीय वस्तूंची नक्कल केली तर त्यावर सालाचा शिक्का हवा, पण शिक्का काय, घासून काढता येतो, तेव्हा मागे एखादा गोल घासलेला डाग दिसला तर बोट फिरवून बघा.

घरी ठेवताना ऊन नको, किचनची वाफ नको. तारेचे स्प्रिंगवाले हँगर कडा खातात, मी टोकांना फेल्टचे तुकडे लावतो. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आत दमट होतं आणि गंज धरतो. आमच्याकडे हळदीकुंकवाला बायकोने त्यातलाच एक चहाला काढला होता, तेव्हापासून सगळे वर, हात पुरणार नाही इतक्या उंचीवर आहेत.